शहापूरचा समुद्र आणि जवाईबापूंची सायकल

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात समुद्र आणणारा पहिला माणूस मी! शेवटचाही मीच, ते सोडा. पण पहिला होतो, हे कोणी नाकारू शकत नाही.

गोष्ट एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. घरात दोन खोल्या, एक रेडिओ, बायको सुलोचना आणि भरपूर उत्साह, एवढीच संपत्ती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला माझ्या जुन्या वर्गमित्राकडे, बाबूलालकडे गेलो. तो तिथे एका मत्स्यालयात नोकरीला होता. त्यानं मला काचेमागचा समुद्र दाखवला. पिवळेजर्द मासे, निळे मासे, नवरदेवाच्या फेट्यासारखे पट्ट्यापट्ट्यांचे मासे! खडकावर पोवळी अशी फुललेली, की वाटावं कोणी पाण्यात बाग लावली.

मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं समुद्र काढत होतो. तलाव आमच्याकडे पावलोपावली, पण माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं समुद्र पाहिला नव्हता. आता पाहतील म्हटलं! माझ्या बैठकीत पाहतील!

बाबूलालनं कपाळावर हात मारला. "ईश्वर, घाई नको करू. नव्या टाकीत मासा टाकला का मेलाच समज. पयले सायकल पूर्ण होऊ दे."

"सायकल?"

"टाकीत काहीतरी सडू द्याचं. सडलं का पाण्यात अमोनिया होते, तो माशाले विष. मंग या खडकात बारीक जंतू वाढतात, ते त्या विषाचा फडशा पाडतात. हे चक्र एकदा बसलं का पाणी तयार. यालेच आमी टाकीची सायकल म्हणतो."

समुद्राच्या पाण्यानं भरलेले कॅन आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, त्या जंतूंनी भरलेला एक जिवंत खडक घेऊन मी गाडीत बसलो. अकोल्याच्या आसपास माझा डोळा लागला असताना समोरच्या गृहस्थांनी, तहान लागली म्हणून, कॅनमधून तांब्याभर पाणी घेतलं आणि घटाघटा प्याले! त्यानंतर ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. वर्ध्याला उतरताना मात्र म्हणाले, "तुम्हाला पोलिसात दिलं पाहिजे!"

घरी आल्यावर भंडाऱ्याहून काचेची टाकी करून आणली. स्टुलावर टाकी, टाकीत समुद्र, समुद्रात खडक, आणि कोपऱ्यात गुरगुरणारा हवेचा पंप. मग बाजारातून एक टपोरा झिंगा आणला आणि बाबूलालच्या सांगण्याप्रमाणे टाकीत सडायला सोडला.

दोन दिवसांत बैठकीत असा वास सुटला, की पोस्टमन टपाल रस्त्यावरूनच फेकू लागला!

"अवं," सुलोचना नाकाला पदर लावून म्हणाली, "लोक बैठकीत उदबत्ती लावतात, अन् तुमी झिंगा सडवून राहिले?"

"विज्ञान आहे ते!"

"मंग विज्ञान घरामांगं सांदवाडीत नेऊन ठेवा ना!"

शेजारच्या शकुनबाई रोज डोकावायच्या. "मास्तर, मासे कुठी आहेत?"

"यायचे आहेत. सायकल झाली की येतील."

"अगं माय!" शकुनबाईंनी गालावर हात ठेवला. "मुंबईहून मासे सायकलनं येऊन राहिले?"

वीज गेली की पंप बंद पडायचा. मग आम्ही नवराबायको टाकीच्या दोन बाजूंना उभे राहून तांब्यानं पाणी उपसायचो आणि त्यातच ओतायचो. रेडिओ बंद, पंखा बंद, अन् आम्ही आपले समुद्राला वारा घालतो आहोत! सुलोचना चिडायची, पण तांब्या खाली ठेवायची नाही. आता आठवलं की वाटतं, आमचं खरं सूत त्या तांब्यांनीच जमवलं.

रोज शाळेतून येताना प्रयोगशाळेतलं द्रावण आणायचो. परीक्षानळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकायचे. पाणी पिवळं पडलं तर विष अजून आहे. अन् ते रोज पिवळं! हळदीसारखं पिवळं! माझं तोंड उतरायचं. जेवणावरची वासना उडाली होती.

अशात माझा साळा टेकचंद सुलोचनाच्या माहेराहून, बपेऱ्याहून, बहिणीला पोळ्यासाठी न्यायला आला. स्वयंपाकघरात त्यानं हळूच विचारलं, "बाई, भाऊजी नाराज दिसून राहिले. काय झालं?"

सुलोचना भाकर थापत होती. "सायकलचं अडलं आहे त्याइचं. सायकल होत नाई तोवर घरी कोणाले सुखानं जेऊ देत नाईत. मले माहेरी बी जाता येत नाई."

तेवढ्यात मी पिवळी नळी हातात घेऊन दारात आलो आणि कळवळून ओरडलो, "अजून किती वाट पाहायची माणसानं? आता सहन होत नाही!"

टेकचंदनं चहाही घेतला नाही. पहिल्या एसटीनं एकटाच परत गेला. मी म्हटलं, वासामुळे गेला असेल.

त्याच आठवड्यात एक एसटी फाट्यावर थांबली आणि टपावरून नवी कोरी हिरवी सायकल उतरली! दांडीला अजून कागद गुंडाळलेला, हँडलला झेंडूची माळ. एका हातानं सायकल आणि दुसऱ्या हातानं झाकणाचा मोठा डबा सांभाळत माझे सासरे देवाजी, म्हणजे आमचे मामाजी, घामाघूम होऊन दारात उभे. एरवी दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस. आज सायकल स्टँडला लावून, डबा खाली ठेवून हात जोडून उभा!

"जवाईबापू, चूक झाली. लग्नात हातातली घडी देल्ली, सायकल राहून गेली. तुमी बोलले नाईत, आमाले बी सुचलं नाई. पोरीवर राग नका काढू."

मी त्यांचे जोडलेले हात धरले. "मामाजी, मी सायकल कधी मागितली? ती सायकल ही नव्हे! माझी सायकल पाण्यात आहे!"

मामाजींनी मुलीकडे पाहिलं. "पाण्यात गेली?"

"तसं नाही हो! ही मला नकोच आहे!"

"रंग पसंत नाई का?" मामाजींनी डोळे टिपले. "का... लुना पायजे होती?"

एव्हाना शकुनबाईंनी गल्ली गोळा केली होती. "मास्तर, शिकले-सवरलेले माणसं तुमी! पोरीच्या बापाले असं रडवता?" सुलोचना एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. तिचे डोळे भरले. माझी गावातली अब्रू, सासऱ्यांचा मान आणि माझा संसार, सगळं त्या सायकलीच्या स्टँडवर उभं होतं, आणि स्टँड डुगडुगत होतं!

समजावून सांगण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी नळी काढली. टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. सगळी गल्ली वाकून पाहू लागली. पाणी नितळ, स्वच्छ! पुन्हा टाकले. स्वच्छच! मी भान विसरून उडी मारली.

"झाली! सायकल झाली! वा! जमलं बुवा एकदाचं!"

मामाजींचा चेहरा उजळला. "म्हणजे पसंत आहे ना?"

त्या म्हाताऱ्या डोळ्यांपुढे मला 'नाही' म्हणता आलं नाही. "पसंत आहे मामाजी. लई पसंत आहे."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सुलोचना हसता हसता रडली. मी मामाजींना टाकीजवळ बसवून म्हटलं, "आता फक्त यात मासे टाकायचे बाकी आहेत," आणि नळी धुवायला मागे विहिरीवर गेलो.

तेवढं वाक्य बोलायला नको होतं.

मामाजींच्या डब्यात जवायासाठी आणलेली हातभर लांब जिवंत मरळ होती. त्यांच्या गावच्या तलावातली, गोड्या पाण्यातली. जवाई खूश, टाकी रिकामी, हातात मासा! त्यांनी मोठ्या मायेनं ती समुद्रात सोडली.

मरळीला समुद्र मुळीच मानवला नाही! ती उसळी मारून बाहेर आली ती थेट शकुनबाईंच्या ओटीत! शकुनबाईंनी किंकाळी फोडली. मामाजी मरळ धरायला धावले, त्यांचा कोपर स्टुलाला लागला, आणि मी विहिरीवरून धावत येईपर्यंत अख्खा अरबी समुद्र माझा उंबरठा ओलांडून गल्लीत चालला होता.

मामाजी गुडघाभर भिजून, मरळ छातीशी धरून उभे. मी काचांकडे पाहत मटकन खाली बसलो. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "जवाईबापू, मासेच पाहाचे असले तं आमच्या तलावावर येत जा ना. थ्या पाण्याले काई तयार करा लागत नाई."

संध्याकाळी मरळीचा रस्सा झाला. इतक्या दिवसांनी मी पोटभर जेवलो.

मामाजी आता नाहीत. पण ते होते तोवर दर सुट्टीत मी बपेऱ्याला गेलो, अन् सायकलीनंच गेलो! म्हणजे, शहापूरहून बपेरा हे काही माझ्यासारख्यानं सायकल मारत जायचं अंतर नव्हे. सायकल एसटीच्या टपावर चढवायचो, गावाच्या फाट्यावर उतरवायचो, रुमालानं घाम आल्यासारखं कपाळ पुसायचो, आणि तिथून घरापर्यंत जोरजोरात घंटी वाजवत जायचो.

मामाजी दारातच उभे असायचे.