मोकलकाकांची परवानगी

रोह्याचे मोकलकाका स्वतःच्या घरी, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या कॉम्प्युटरवरही साध्या वापरकर्त्यासारखे बसतात. त्यावर काही नवीन टाकायचं झालं की तो अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. तो पासवर्ड फक्त काकांना ठाऊक. मग काका खुर्ची मागे सरकवून स्वतःलाच विचारतात, "कशाला हवंय?" उत्तर पटलं नाही तर टाकत नाहीत. मागे एकदा त्यांना बुद्धिबळाचा खेळ हवा होता, तो त्यांनी स्वतःला नाकारला. हे त्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना ते अजिबात हसत नव्हते.

मी पेणजवळ जोह्याच्या एका गणपती कारखान्यात ऑर्डरी, बिलं आणि लेबलं बघते. रंगाच्या धुरळ्यात जुनाट कॉम्प्युटर आणि त्यांच्याइतकीच दमलेली मी, एवढंच आमचं ऑफिस.

पूर्वी इथे सगळ्यांना सगळे हक्क होते. कोणीही यावं, काहीही टाकावं. शेठच्या जावयांनी एकदा फुकटातला आरतीसंग्रह उतरवला आणि त्याच्यासोबत जो काय व्हायरस आला त्याने कॉम्प्युटरमधल्या सगळ्या ऑर्डरींना कुलूप ठोकलं. तेही ऐन सीझनमध्ये. मी एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून विचारत बसले, "तुमचा गणपती केवढा होता हो? सोवळं कुठल्या रंगाचं?" लोकांनाही धड आठवत नव्हतं. त्या वर्षी जवळजवळ सगळे गणपती पिवळ्या सोवळ्यात गेले.

त्यानंतर शेठनी मोकलकाकांना आणलं. काका रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळून रिटायर झालेले. आल्या आल्या म्हणाले, "कंपनीत साधा व्हॉल्व्ह फिरवायला पण परमिट लागतं. हितं तुम्ही अख्खा प्लांट उघडा टाकलाय." आणि त्यांनी सगळ्यांचे हक्क काढून घेतले. माझे गेले, शेठचेही गेले.

शेठ तापले. "मोकल, मालक मी हाय."

"व्हय शेठ. पण मूर्तीचे डोळे तुम्ही आखता काय?"

आमच्याकडे रंगाचा हात कोणीही मारतो, पण डोळ्यांची आखणी दोघंच करतात. शेठनी ब्रश उचलला तर ते दोघं तो त्यांच्या हातातून काढून घेतील, आणि शेठना ते माहीत आहे. वाद तिथेच मिटला आणि माझा छळ सुरू झाला.

छळच म्हणते मी. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडलं, काकांना फोन. मराठी फॉन्ट हवा, काकांना फोन. काका पासवर्ड सांगत नाहीत. "फोनवर परमिट देत नाय." घरी बसून आमचा कॉम्प्युटर चालवायची सोय असते, तीही त्यांना नको. "आपण आत यायला दार पाडलं की दुसरा पण तिथनंच येतो." मग सकाळच्या गाडीने रोह्याहून पेणला, पेणहून एसटीने जोह्याला येणार, आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं करणार, चार अक्षरं दाबणार आणि अर्धा कप चहा पिऊन परत जाणार.

"काका, मला तरी सांगून ठेवा," मी किती वेळा म्हटलं. "मी काय आरतीसंग्रह उतरवणार नाही."

"ताई, तुम्ही चांगल्या हाव. पण रोज अ‍ॅडमिन म्हणून बसलं ना, की चूक पण अ‍ॅडमिनची होते."

खरं सांगायचं तर मला हे पटायचं. पण पटलं म्हणून वैताग जातो असं थोडंच आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात परदेशी जाणाऱ्या मूर्तींचा कंटेनर निघायच्या बेतात होता आणि लेबलांचा प्रिंटर मेला. नवा आणला. तो लावल्या लावल्या कॉम्प्युटरने अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला. लेबलांशिवाय खोके हलणार नव्हते आणि खोक्यांशिवाय कंटेनर. शेठ दारात येरझाऱ्या घालू लागले.

काका आले. आम्ही भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ टकटक चालली, थांबली, पुन्हा चालली.

"कीबोर्ड खराब हाय," काका म्हणाले.

मी दुसरा दिला. तोही खराब निघाला. काका उठले, चहाला नको म्हणाले. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. फोनही उचलेनात. "तूच जा गो रोह्याला," शेठ मला म्हणाले. "पासवर्ड तरी आण, नाय तर माणूस आण." मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घालत गाडीत बसले.

काका ओटीवर बसले होते. मला बघून त्यांना काही आनंद झाला नाही. तरी "बसा, चहा टाकतो" म्हणत उठले. आतून त्यांची सून लगबगीने आली. "बाबा, गॅसला हात लावू नका हं. मी करते." आवाजात राग नव्हता. काका लगेच खाली बसले.

"दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर पडलो," ते मला म्हणाले. "दूध जळलं, भांडं जळलं. नात आत झोपलेली. मग सुनेनं माझा हक्क काढला. बरोबर हाय तिचं. मी असतो तर मी पण तेच केलं असतं."

गाडीभर घोकलेलं भांडण घेऊन मी आले होते. ते आता कुठे ठेवावं कळेना.

सून चहा देऊन आत गेली तेव्हा काका हळूच म्हणाले, "ताई, कीबोर्ड खराब नव्हता."

"माहीत आहे, काका."

"काल रात्री आठवला मला. तुम्हाला देतो, आता तुम्हीच सांभाळा. अडलं तर मला..." ते थांबले. "नाय. मला नका विचारू."

डोळे मिटून त्यांनी एकेक अक्षर सांगितलं आणि मी ते तळहातावर लिहून घेतलं. एरवी एवढ्या गुन्ह्यासाठी त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. ज्यासाठी इतकी वर्षं मी त्यांच्याशी भांडले ते हातात आलं होतं आणि मला ते मुळीच नको होतं. रडू येत होतं.

जोह्याला पोचल्या पोचल्या पासवर्ड टाकला. चुकीचा. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे आधी, आकडे नंतर, सगळं करून पाहिलं. कॉम्प्युटर काही बधेना. तेवढ्यात काकांचा फोन आला.

"ताई, लागला काय?"

शेठ समोरच उभे होते. मी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"लागला, काका. पहिल्याच फटक्यात."

पलीकडे काका घरात कोणाला तरी सांगताना ऐकू आले, "बघ, म्हटलं नव्हतं? माझ्या सगळं ध्यानात हाय."

मी फोन ठेवला आणि पनवेलच्या कॉम्प्युटरवाल्याला आजच्या आज बोलवा म्हणून शेठना सांगितलं.