रोल नंबर एकेचाळीस

आमच्या गणित विभागाचे प्रमुख डोक्यावरची काळी टोपी काढून बाकावर ठेवत, त्या क्षणी ते प्रमुख राहत नसत. ते पाचवीतले एक मठ्ठ विद्यार्थी होत. टोपी पुन्हा डोक्यावर चढेपर्यंत त्यांना 'सर' म्हटलेलं चालत नसे.

नाव पटवर्धन. पण कलकत्त्यात 'अ'चा 'ओ' केल्याशिवाय कुणाला घास गिळवत नाही, त्यामुळे सगळे त्यांना 'पोटोबर्धनबाबू' म्हणत. प्रत्यक्षात पोट नावाची वस्तू त्यांच्याजवळ नव्हतीच. कोटाच्या आत कुणी आहे की नुसता कोटच चाललाय, अशी शंका यावी. या नावातली गंमत बंगाल्यांना कळत नसे, आणि मी एकटीच तोंडाला पदर लावून हसत असे. वर्गातल्या चाळीस जणांत मराठी मी एकटीच होते. वडील टपालखात्यात, बदलीवर आलेले. पहिल्याच दिवशी मी मोठ्या आपुलकीने "नमस्कार सर, आम्ही पुण्याचे," म्हणाले, तर सरांनी इकडेतिकडे पाहून बंगालीत बजावलं, "इथे मराठी अजिबात नाही. लोक म्हणतील पेपर फोडला!"

शाळेत गणित शिकवू पाहणाऱ्यांना आमच्या विभागात वर्षभर तयार करत. प्रत्येकाने वर्गापुढे पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी पाचवीतली मुलं व्हायचं. बाकीचे मुलं होत म्हणजे जांभया देत. सर मात्र खरोखरच पाचवीत जात. शेवटच्या बाकावर टोपी काढत, कोटाचं वरचं बटण सोडत, पाय हलवू लागत आणि हात वर करून म्हणत, "रोल नंबर एकचोल्लिश. आमि बुझिनि." म्हणजे, एकेचाळीस नंबर, मला समजलं नाही. वर्गात चाळीस जण, म्हणून हा एकेचाळिसावा.

आणि याला समजता समजत नसे. "समांतर रेषा कधीच भेटत नाहीत? मग हावड्याला रूळ एकमेकांत शिरतात ते काय?" "शून्याने गुणलं की सगळं जातं. जातं कुठे?" परीक्षेत पहिला आलेला आमचा घोषाल 'वजा गुणिले वजा अधिक' समजावता समजावता खडू टाकून निघून गेला. एकेचाळीसने त्याला विचारलं होतं, "दोन भांडकुदळ माणसं एका खोलीत कोंडली, तर प्रेम होतं का?"

एकदा शिक्षणखात्याचे साहेब न कळवता वर्गात आले आणि त्यांनी प्रमुख कुठे आहेत म्हणून चौकशी केली. सर शेवटच्या बाकावरून उठले आणि अदबीने म्हणाले, "ते आत्ता नाहीत. मी एकेचाळीस." साहेबांना बाहेर पाऊण तास बसवलं. पाठ संपला, टोपी चढली, आणि मग सर हात जोडत त्यांना भेटायला गेले.

एकेचाळीस 'थोडं समजलं' म्हणाला की पास. 'समजलं नाही' म्हणाला की पुन्हा पाठ. नुसतं 'बुझेछि', म्हणजे समजलं, असं तो कुणाला म्हणाल्याचं ऐकिवात नव्हतं. मुलांनी वैतागून फळ्यावर त्याचं चित्र काढलं: तेल थापलेलं डोकं, चुकीच्या काजात घातलेली बटणं, खिशात गोट्या. सरांनी ते बराच वेळ पाहिलं. "ओरकोम नोय," असं नाही दिसत, एवढंच म्हणाले आणि फळा पुसून टाकला.

पाठाचे विषय चिठ्ठ्या टाकून मिळत. त्यात एक चिठ्ठी अशी होती की ती हातात आली की लोक आजारी पडत. 'अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणे.' ती नेमकी मला आली. वडिलांची बदली दिल्लीला झाली होती आणि महिनाभरात घर हलायचं होतं. तोवर पास झाले तर मी दिल्लीत मास्तरीण, नाही तर नोकरी विसरायची आणि स्थळं बघायची, असं घरात ठरलेलं. मला शिकवायचं होतं. दुसरं काहीही करायचं नव्हतं.

मी सुरेख टाचण काढलं आणि शिकवलं, "दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा."

"का?" एकेचाळीसने विचारलं.

"नियम आहे," मी म्हणाले.

त्याचे हलणारे पाय थांबले. "अर्ध्याला पावाने भागलं की दोन येतात. वाटल्यावर कमी व्हायला हवं. वाढतं कसं?"

"तोच तर नियम आहे."

"आमि बुझिनि." पुन्हा पाठ. मुदत आठ दिवस.

सात दिवस मी फक्त रडले. आठव्या दिवशी सकाळी आई दूध मोजत होती. किती आहे म्हणून मी उगाच विचारलं. "अर्धा शेर," आई म्हणाली. हातात पावशेराचं माप होतं. "दोन मापं झाली बघ." मी तशीच ते माप पिशवीत टाकून वर्गात गेले. आई मागून ओरडत राहिली.

तांब्यात अर्धा शेर पाणी घेतलं आणि एकेचाळीसला पुढे बोलावलं. तो आला, बिनटोपीचा, खाली मान घालून. "मापाने मोज," मी म्हणाले. स्वतःच्या प्रमुखांना मी चक्क अरेतुरे करत होते. त्याने कोटाच्या बाहीवर थोडं सांडत मोजलं. एक. दोन.

"पाणी वाढलं का?"

"नाही."

"मग दोन काय आलं?"

"मापं."

"भागणं म्हणजे दरवेळी वाटणं नसतं. अर्ध्यात पाव किती वेळा बसतो, एवढंच विचारायचं. माप लहान, तर वेळा जास्त."

तो रिकाम्या तांब्यात बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बुझेछि." आणि टोपी बाकावरच विसरून निघून गेला.

मी टोपी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. सर खिडकीपाशी उभे होते. पहिल्यांदाच मराठीत म्हणाले, "हे तिला कळेल हो."

"कुणाला?"

"एकेचाळीसला."

बंगालीत 'तो' आणि 'ती' यांना शब्द एकच. त्यामुळे इतकी वर्षं अख्खा विभाग गोट्यावाला पोरगा समजत बसला होता. मराठीत ते एका शब्दात फुटलं.

"लग्नानंतर तिला गणित शिकवायला बसलो," सर म्हणाले. "ती सारखी का, का विचारायची. या भागाकाराला तिसऱ्यांदा 'का' म्हणाली, तेव्हा ओरडलो. नियम आहे, तुझ्या डोक्यात नाही शिरायचा. तिने पाटी उचलून नेली. सव्वीस वर्षं झाली."

"आणि ते रुळांचं? शून्याचं?"

"तिचेच प्रश्न. रुळांचा तर हावड्याला उतरल्या उतरल्या विचारला होता. तेवढेच आहेत माझ्याकडे. पुढचे तिने विचारलेच नाहीत." मला फार वाईट वाटलं. ते टोपी चाचपत म्हणाले, "तुम्ही पास हो, ते काय सांगायचं! पण माप घेऊन घरी याल का? माझ्याकडून ऐकायची नाही ती."

संध्याकाळी ट्रामने आम्ही बालीगंजला गेलो. काकू ठेंगण्या, हसऱ्या. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं आणि त्यावर झाकण म्हणून पाटी. लाकडी चौकट धुराने काळी पडलेली. मी काकूंच्याच दुधाने सगळा पाठ पुन्हा घेतला. सर दारात टोपी हातात धरून उभे होते.

काकू खुदकन हसल्या. "हे होय! हे तर मी रोज करते." मग सरांकडे वळल्या. "एवढंच होतं, तर तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मलाच समजलं नव्हतं," सर म्हणाले.

पातेलं उघडंच राहिलं. काकूंनी पाटी पदराने दोन्ही बाजूंनी पुसली, फडताळातून पेन्सिलीचा तुकडा शोधून काढला आणि सरांपुढे पाट सरकवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "अजून बरंच विचारायचं राहिलंय."