विश्वासाची रंगीत तालीम

निवडणूक स्वच्छ असणे आणि निवडणूक स्वच्छ वाटणे या दोन वेगवेगळ्या बाबी असून, त्यांपैकी दुसरीसाठीच स्वतंत्र विभाग काढावा लागतो, हे कोणत्याही सुज्ञ शासनाला ठाऊक असतं. राष्ट्रीय निवडणूक तोंडावर आली आणि दर दहा माणसांमागे सात जणांना ती नीट होणार नाही असं वाटू लागलं (उरलेल्या तिघांपैकी दोघे निवडणुकीला उभे होते), तेव्हा शासनाने तातडीने जनविश्वास विभाग स्थापन केला. या विभागाने निवडणुकीत लक्ष घालायचं नव्हतं. ते काम आधीच बरेच जण करत होते.

एका दूरच्या गावी शंका निरसन अधिकारी म्हणून जे गृहस्थ पाठवले गेले, ते मुळात पाणीपुरवठ्यातले. नळाला पाणी का येत नाही हे लोकांना समजावून सांगण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. पाण्याचा थेंबही न देता माणसाला समाधानाने घरी पाठवण्याची त्यांची हातोटी पाहूनच त्यांची निवड झाली. गावात सगळे त्यांना निरसनसाहेब म्हणत. माणूस तसा सरळ. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होत, म्हणून पाणीपुरवठ्यात असताना ते बाराही महिने कानटोपी घालत असत.

साहेबांची बायको आणि चार वर्षांची मुलगी मूळ गावी, या गावापासून एका दिवसाच्या प्रवासावर. बाबा म्हणजे मोबाईल, अशी मुलीची समजूत होत चालली होती. फोन चार्जिंगला लावला की ती आजीला दटावायची, ‘‘हळू बोल, बाबा जेवतायत.’’ बायको हे हसत हसत सांगायची, साहेबही हसायचे, आणि फोन ठेवल्यावर तो पुन्हा पुन्हा उचलून बघायचे. अशात विभागाचं परिपत्रक आलं : ज्या अधिकाऱ्याच्या गावातला विश्वास ऐंशी टक्क्यांवर जाईल, त्याची बदली त्याच्या मूळ गावी करण्यात येईल. गावातला विश्वास त्या वेळी एकोणीस टक्के होता. साहेब आणि मुलगी यांच्यामध्ये आता एकसष्ट टक्के आडवे पडले होते.

साहेब कामाला लागले. कचेरीच्या व्हरांड्यात एका स्टुलावर बसून त्यांनी शंका ऐकायला सुरुवात केली. मतपेट्या वाटेत बदलतात, ही शंका सर्वांत लोकप्रिय होती. त्याखालोखाल बोटाची शाई पुसली जाते ही. मेलेली माणसं मतदान करतात, अशीही एक जुनी आणि प्रतिष्ठित शंका होती (संबंधित मतदारांपैकी कोणीही स्वतः तक्रार न केल्याने ती निकाली काढण्यात आली). सर्वांत कठीण गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना सगळे पणकाका म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य ‘पण’ने सुरू होई. साहेबांनी तासभर घसा कोरडा करून मतपेटीचं सील कसं असतं ते समजावलं, की काका शांतपणे म्हणत, ‘‘पण सील लावणारा कोण असतो?’’

शेवटी विभागाने रामबाण उपाय काढला : रंगीत तालीम. खऱ्या निवडणुकीआधी गावोगाव एक नमुना निवडणूक घ्यायची, सगळी प्रक्रिया डोळ्यांदेखत दाखवायची, म्हणजे शंकेला जागाच उरणार नाही. कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून माणसांऐवजी वस्तू उभ्या करायच्या. या गावाच्या वाट्याला स्टूल, बादली आणि कंगवा हे उमेदवार आले. तिघांचंही चारित्र्य निष्कलंक होतं आणि तिघांनीही आजवर कुठलंच आश्वासन दिलेलं नव्हतं. त्यामुळे लोकांना बऱ्याच दिवसांनी चांगले उमेदवार मिळाल्यासारखं वाटलं.

मतदानाला निम्मा गाव लोटला. रांग सभागृहातून निघून रस्ता ओलांडून न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली. ऊन रणरणत होतं आणि रांगेत बसायला काही म्हणजे काही नव्हतं. संध्याकाळी तिन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पेटी फोडून चिठ्ठ्या मोजल्या. बादली सत्त्याण्णव, कंगवा एकसष्ट, स्टूल चारशे बारा. मोजणी चोख होती. त्यात एका चिठ्ठीचाही घोळ नव्हता, हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो.

निकाल सभागृहात वाचून दाखवला. मग मागून पणकाका म्हणाले, ‘‘पण कचेरीत काय असतं? बादली असते? कंगवा असतो? स्टूल असतं! साहेब दिवसभर कशावर बसतात?’’

झालं. गावाला लख्ख दिसलं की स्टूल हा सरकारचा उमेदवार होता. एकच गलका उडाला. सगळ्यांत मोठा आवाज न्हाव्याचा.

‘‘तुम्ही कुणाला मत दिलंत?’’ साहेबांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

‘‘स्टूललाच दिलं की. उभं राहून राहून पायांचे तुकडे पडले होते माझ्या.’’

‘‘मग बाकीच्यांचेही पाय दुखले असतील.’’

‘‘माझं मत खरं आहे हो साहेब, मीच दिलंय ते,’’ न्हावी म्हणाला. ‘‘पण बाकीच्या चारशे जणांना काय धाड भरली होती? एवढी माणसं माझ्यासारखा विचार करतात होय? काहीतरीच!’’

साहेब मग एकेकाला विचारत फिरले. घरमालकीणबाईंनी स्टूललाच मत दिलं होतं, शिंप्याने, दूधवाल्याने, दवाखान्यातल्या नर्सबाईंनीही. प्रत्येकाची आपल्या मताबद्दल खात्री होती आणि निकालावर कवडीचा भरवसा नव्हता. आठवड्याच्या पाहणीत विश्वास आठ टक्क्यांवर आला.

साहेबांनी वरिष्ठांना फोन लावला. ‘‘सर, अहो लोकांनी खरंच स्टूलला मतं दिली!’’

‘‘लोकांनी काय दिलं ते कोण विचारतंय?’’ वरिष्ठ म्हणाले. ‘‘लोकांना काय पटलं ते बोला.’’

लगोलग सुधारित सूचना आल्या. विश्वासार्ह निकालात सरकारचा मानला जाणारा उमेदवार पडला पाहिजे. तो थोडक्यात पडला पाहिजे (फार मतांनी पडल्यास सहानुभूतीचा संशय येतो). मोजणी पूर्ण पारदर्शक असावी, म्हणून ती काचेच्या खोलीत व्हावी आणि प्रतिनिधींनी काचेबाहेर सावलीत चहा घेत सर्व पाहावं. आतलं सगळं दिसलं पाहिजे. वाचता आलं पाहिजे, अशी अट नियमात कुठेही नव्हती.

दुसरी तालीम झाली. रांग तेवढीच, ऊन तेवढंच, आणि बसायची सोय करायचं याही वेळी कुणाला सुचलं नाही. साहेब भर दुपारी काचेच्या खोलीत एकटे चिठ्ठ्या मोजत बसले. स्टूल चारशे सव्वीस. त्यांनी पुन्हा मोजल्या. चारशे सव्वीसच. काचेला नाकं लावून अर्धा गाव बघत होता. निकालाचा फळा बाहेरच्या बाजूला तोंड करून उभा होता आणि खडू साहेबांच्या हातात होता.

सकाळीच बायकोचा फोन आला होता. ती हसली नव्हती. मुलगी आदल्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत गेली, बाईंनी ‘घरी कोण कोण असतं’ विचारलं, तर म्हणाली, ‘‘आई, आजी आणि मी.’’ साहेब तेव्हापासून हे आठवायचं टाळत होते, आणि नेमकं तेच आठवत होतं. त्यांना रडू येत होतं. बाहेरच्या लोकांना वाटलं, किती जीव ओतून मोजतोय माणूस.

साहेब उठले आणि फळ्यावर लिहिलं : बादली २८१, स्टूल २७०, कंगवा ३४.

गाव नाचायचाच बाकी राहिला. अकरा मतांनी सरकार पडलं! न्हाव्याने साहेबांना मिठी मारली. ‘‘मला ठाऊक होतं! मी बादलीलाच दिलं होतं.’’ (नंतरच्या चौकशीत बादलीला मत दिल्याचं पाचशे चाळीस जणांनी शपथेवर सांगितलं.) साहेबांचे कान टोमॅटोसारखे लाल झाले होते, ते उन्हाने असं ठरलं. फेरमोजणी कुणी मागितली नाही. पणकाकांनी फळ्यावरच्या तिन्ही आकड्यांची बेरीज करून पाहिली.

‘‘पण,’’ ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’

विश्वास चौऱ्याऐंशी टक्क्यांवर गेला. बदलीचा आदेश आला. साहेब घरी पोहोचले तेव्हा मुलगी आधी आईच्या मागे लपली, मग हळूच येऊन मांडीवर बसली, आणि पुढचे दोन दिवस खाली उतरायला तयार होईना. साहेब जेवलेही तिला मांडीवर घेऊनच.

आता आपल्याबद्दल थोडं, वाचकहो. साहेबांनी हातात खडू घेतला त्या क्षणी विभागाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं, तुमच्याकडे होतं. चारशे सव्वीस माणसं उन्हात उभी राहून मत देऊन गेली होती, आणि तुम्ही मनात म्हणालात, ‘लिहून टाक बाबा बादली, आणि जा घरी लेकीकडे.’ त्या चारशे सव्वीस जणांची आठवण तुमच्यापैकी एकालाही झाली नाही. विभागाला याचा फार आनंद झाला आहे. खऱ्या निवडणुकीच्या मोजणीला अशीच कोमल मनाची, घरादाराचा विचार करणारी माणसं हवी आहेत. नेमणुकीचा आदेश घरपोच येईल. तिथेही शेजारी बसलेल्या कुणाची ना कुणाची लेक घरी वाट पाहत असेल, याची व्यवस्था केलेली आहे. नकार कळवण्याची तसदी घेऊ नये. होकार तुम्ही मघाशीच दिलेला आहे.