काकांच्या व्यायामासाठी लिफ्ट बंद

“साहेब, महिनाभर थांबा. तुम्ही मला ओळखणार नाही,” असं मेकॅनिककाकांनी फोनवर छाती फुगवून सांगितलं. फुगवली छाती, पण पुढे आलं ते पोट. समोर गाजरं सोलत बसलेल्या काकूंनी ते पाहिलं आणि आणखी दोन गाजरं सोलायला घेतली.

काका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला होते, म्हणून सगळी इमारत त्यांना मेकॅनिककाका म्हणे. पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते रजेवर होते. ऑपरेशन झकास झालं. घोळ झाला तो नंतरच्या विश्रांतीत. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस जपून राहा. काकांनी इतकं जपलं की पलंगावरून उतरायचं ते फक्त ताटावर बसायला. भेटायला येणारं कोणी रिकाम्या हातानं येत नसे, आणि काका कोणाचं मन मोडणाऱ्यातले नव्हते. विश्रांती संपली तेव्हा शरीरातून जेवढं काढलं होतं त्याच्या कितीतरी पट शरीरावर चढलं होतं.

तिकडे कंपनीत साहेब विचारात पडले. लिफ्टची मशीनरूम असते गच्चीवर. लिफ्ट अडकली की मेकॅनिकला हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून जिन्यानं तिथपर्यंत जावं लागतं. साहेबांनी काकांना स्पष्टच सांगितलं, “महिनाअखेरीस मी तुमच्याकडे येतो. पिशवी घेऊन माझ्यासमोर गच्चीपर्यंत चढून दाखवा. धाप लागली, तर पुढे ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचे.”

काकांनी धसकाच घेतला. आयुष्य गेलं ते हाताला ग्रीस लावून घेण्यात. संध्याकाळी घासघासून धुतले तरी नखांत थोडं उरायचं, आणि ते उरलं नाही तर काकांना दिवस फुकट गेल्यासारखा वाटायचा. आता काय, एका खुर्चीत बसून ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ म्हणायचं आणि दुरुस्तीला पाठवायचं दुसऱ्याच कोणाला? या धसक्यानं त्यांचं जेवण दोन दिवस कमी झालं होतं, असं ते आजही सांगतात. काकूंना ते आठवत नाही.

काकूंनी कंबर कसली. तळणीची कढई माळ्यावर गेली आणि ताटात उकडलेला कोबी, उकडलेली फरसबी आणि काकडीच्या चकत्या अवतरल्या.

“अगं, आजारी मी होतो की ही भाजी?” काकांनी विचारलं.

“ती केव्हाच बरी झाली. आता तुम्ही व्हा,” काकू म्हणाल्या. “आणि डॉक्टरांनी आता वजन उचलायलाही हरकत नाही म्हटलंय. उद्यापासून जिने.”

इमारत सहा मजली आणि काकांचं घर सहाव्या मजल्यावर, म्हणजे व्यायामाची सोय दारातच होती. पहिल्या दिवशी काका ऐटीत खाली उतरले आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले. तिथं लिफ्ट दार उघडून उभी होती. चालू लिफ्ट समोर असताना जिन्यानं जायचं म्हणजे आपल्याच हाताच्या कामाचा अपमान, असं काकांना मनापासून वाटलं. ते आत शिरले.

“कॉलर कोरडी आहे,” दार उघडताच काकू म्हणाल्या.

“वारा होता.”

“जिन्यात?”

असं तीनदा झाल्यावर काकांना एक गोष्ट कळून चुकली. लिफ्ट चालू आहे तोवर आपल्या हातून व्यायाम होणे नाही. दुसऱ्या कोणी अशा वेळी मनाला आवर घातला असता. काका मेकॅनिक होते, त्यांनी लिफ्टला घातला.

इमारतीच्या लिफ्टची देखभाल काकांच्याच कंपनीकडे होती आणि मशीनरूमची किल्ली काकांच्या खुंटीवर. रोज सकाळी ते लिफ्ट सहाव्या मजल्यावर बोलवून घेत, आत कोणी नाही हे डोळ्यांनी बघत, मग गच्चीवर जाऊन मुख्य स्विच खाली ओढत. त्यानंतर पिशवी खांद्यावर टाकून खाली उतरायचं, तळमजल्यावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी लावायची आणि पुन्हा गच्चीपर्यंत चढून स्विच वर करायचा. आता परत फिरायला लिफ्टच नव्हती. “सकाळी जरा कुरकुर करते, रोज बघावं लागतं,” असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. काकूंनाही तेच सांगितलं.

बेत नामी होता. त्यात शेजाऱ्यांचा विचार तेवढा राहून गेला होता.

शेजाऱ्यांना काय दिसलं? पोटावरचे टाके नुकते निघालेला माणूस, हक्काची रजा सोडून, घामाघूम होऊन आपली लिफ्ट दुरुस्त करतोय. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना तर भरूनच आलं. त्यांनी काकांना हाताला धरून आत नेलं आणि बिस्किटांचा डबा पुढे ठेवला. पाचव्या मजल्यावरच्या वहिनी घरी केक करून विकत. त्या म्हणाल्या, “कडेचा भाग कापावाच लागतो, वाया जाण्यापेक्षा तुम्ही खा.” दुसऱ्या मजल्यावर लोण्यात भाजलेलं सँडविच निघालं. काकांनी प्रत्येक ठिकाणी नको म्हटलं, पण ते उंबरा ओलांडून आत जाता जाता म्हटलं.

घरी आल्यावर कोबी कुठून जाणार? दोन घास खाऊन काका ताट सारत आणि काकू कौतुकानं म्हणत, “बघा, भूक कशी आटोक्यात आली.” मग एके दिवशी काकांचा पट्टा एक भोक मागे सरकला.

“हे कसं काय?” काकूंनी विचारलं.

“स्नायू तयार होतायत.”

“पोटाला?”

“ते काय, सगळीकडेच होतात.”

इकडे पहिल्या मजल्यावरच्यांनी कंपनीला फोन केला, की आमची लिफ्ट रोज सकाळी बंद असते. दोन दिवसांनी पुन्हा केला. साहेब चक्रावले. ज्या इमारतीत आपला जुना जाणता मेकॅनिक राहतो, तिथलीच लिफ्ट रोज बिघडते? महिना संपायची वाट न बघता, कोणाला न कळवता, ते एका सकाळी निघाले.

नेमकं त्याच सकाळी पाचव्या मजल्यावर चॉकलेटचा केक भट्टीतून निघायचा होता. वहिनींनी आदल्या दिवशीच तशी वर्दी दिली होती. काकांचं सगळं चित्त त्या केकपाशी. लिफ्ट वर बोलवायची, आत डोकावायचं, हे सगळं राहून गेलं. ते तडक गच्चीवर गेले आणि स्विच ओढून मोकळे झाले. ही चूक त्यांनी अख्ख्या नोकरीत केली नव्हती. नव्या मुलांनी केली, तर त्यांना रडू येईपर्यंत ते झापत.

खाली लिफ्टमध्ये तेव्हा दोघं जण होते. एक साहेब, आणि दुसऱ्या भाजीची पिशवी घेऊन परतणाऱ्या काकू. तिसरा मजला सोडून लिफ्ट वर निघाली, हिसका बसला, आणि आत मिट्ट काळोख झाला.

आत पुढे काय झालं ते काकांना नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. काकू मेकॅनिकची बायको, त्या कशाला घाबरतायत? त्यांनी चाचपडत धोक्याची घंटा दाबली आणि साहेबांना धीर दिला.

“काळजी करू नका साहेब. हे आहेत वर. रोज सकाळी लिफ्टचंच तर काम करतात.”

“रजेवर असताना?”

“मन लागत नाही हो त्यांचं. आणि जेवणही इतकं कमी केलंय. कालचा कोबी तसाच उरला.”

घंटा ऐकून मास्तर बाहेर आले आणि बंद दाराला तोंड लावून ओरडले, “कोण अडकलंय?”

“मी आणि आमच्या यांचे साहेब.”

“मग निर्धास्त राहा, काकू. काका आत्ता पाचव्या मजल्यावर केक खात असतील. तो झाला की आमच्याकडे बिस्किटांना येतात.”

लिफ्टमध्ये भाजीची पिशवी खाली टेकल्याचा आवाज आला. मग काकूंनी विचारलं, “आणि त्यानंतर?”

“त्यानंतर दुसऱ्या मजल्यावर सँडविच,” मास्तर म्हणाले. सरळ माणूस, विचारलं ते सांगितलं.

काकांनी घंटा ऐकली आणि हातातला घास हातातच राहिला. आपण आत बघितलंच नाही, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. पिशवी उचलून ते गच्चीकडे धावले. स्विच वर केला. काही नाही. खाली-वर केला. तरी काही नाही. भर वेगात वीज तोडल्यानं पॅनेलमधलं काहीतरी उडालं होतं. आता हातानंच. काकांनी ब्रेक मोकळा करून मोठं चाक फिरवायला घेतलं आणि लिफ्ट इंचाइंचानं खाली घेत तिसऱ्या मजल्याशी आणून टेकवली. तिथून धावत खाली, किल्ली घातली, दार उघडलं.

“घाबरू नका, मी आलो...” एवढं म्हणून ते थांबले. समोर साहेब होते. साहेबांच्या बाजूला काकू होत्या. घाबरायची पाळी काकांची होती.

“लिफ्ट का थांबली?” साहेबांनी घाम पुसत विचारलं.

पॅनेल जुनं आहे, असं म्हणता आलं असतं. साहेबांना पटलंही असतं. पण काकू काकांच्या शर्टावर सांडलेल्या केकच्या चुऱ्याकडे बघत होत्या.

“मी थांबवली, साहेब,” काका म्हणाले. “रोज मीच थांबवतो. चालू असली की माझा पाय जिन्याकडे वळत नाही. पण रोज आत बघून बंद करतो. आज नाही बघितलं.” त्यांनी शर्टावरचा चुरा झटकला. “फोनवर बसवा मला. बोलणार नाही काही.”

साहेबांनी एकदा वर जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “घंटा झाली तेव्हा पाचव्यावर होतात ना? तिथून गच्चीवर गेलात?”

“हो.”

“चाक हातानं फिरवलंत?”

“हो.”

“आणि पळत इथं आलात? ही पिशवी घेऊन?”

काकांनी खांद्याकडे पाहिलं. पिशवी होती. “हो.”

“मग तुम्हाला धाप का लागलेली नाही?”

काका थांबून वाट बघू लागले. धाप काही आली नाही. केक होता, बिस्किटं होती, सँडविच होतं, पण रोजच्या जिन्यांनी त्यांच्या नकळत आपलं काम चोख केलं होतं.

“पुन्हा आत न बघता लिफ्ट बंद केलीत, तर फोनवरही ठेवणार नाही, घरीच बसवीन,” साहेबांनी बजावलं. “पण इतक्या लवकर मला दुसऱ्या कोणी बाहेर काढलं नसतं. या क्षणापासून तुम्ही कामावर. पहिली तक्रार हीच लिफ्ट.”

काकांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यावर ग्रीसचा चांगला ठसा उमटवला. साहेब कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. काकू भाजीची पिशवी घेऊन एकेक पायरी चढत गेल्या.

मशीनरूममध्ये काकांनी पॅनेल उघडलं. आतला एक भाग जळून कोळसा झाला होता. नवा आणायचा म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत लिफ्ट बंद. जबाबदार माणसासारखं प्रत्येक मजल्यावर सांगून यावं, म्हणून ते निघाले. पण बातमी त्यांच्या आधी जिना उतरून गेली होती. पाचव्या मजल्यावरच्या वहिनी दाराच्या फटीतून म्हणाल्या, “झाला ना व्यायाम? मग करा की चालू.” दुसऱ्या मजल्यावरचे नुसतेच हसले. पहिल्या मजल्यावर तर दारच उघडलं नाही. येताना काका मास्तरांकडे थांबले आणि तो जळका भाग पुढे केला. मास्तरांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाले, “असा तुम्ही कुठूनही आणला असेल.”

काका सहा मजले चढून घरी आले. काकूंनी दार उघडलं.

“निदान तुझा तरी विश्वास आहे ना?” असं म्हणत त्यांनी तो तुकडा काकूंच्या हातावर ठेवला.

काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. नाकाशी नेऊन वास घेतला.

“जळलाय खरा,” त्या म्हणाल्या.

“बघ. मी तेच तर सगळ्यांना सांगतोय.”

“कधी जाळलात?” काकूंनी विचारलं.