लछूभाईंची उलटी शिवण

लछूभाई नव्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या कॉलरच्या आत. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात मी पहिल्यांदा ब्लाउज घेऊन गेले, तेव्हा जानेवारी होता. नमस्कार वगैरे काही नाही. माझ्या स्वेटरच्या मानेशी वाकून म्हणाले, "ताई, हे लेबल टोचत नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

"टोचतं. तुम्हाला आदत पडली आहे." आणि कात्री चालवलीसुद्धा. नातवंडांनो, तो तुमच्या आईने पाठवलेला स्वेटर. तो कुठल्या कंपनीचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

"उलटा करके देखो" हे त्यांचं कायमचं वाक्य. पँट, पडदा, माझी कापडी पिशवी, सगळं ते आधी उलटं करतात. समोरच्या गाडीवरचा कोबीही उलटा करून बघतात, म्हणून भाजीवाला त्यांच्याशी बोलत नाही.

आमच्या अंबरनाथच्या इमारतीत मनाली राहते. तिची ओवी सात वर्षांची. ओवीला ऑटिझम आहे. तिला जग आपल्यासारखं जाणवत नाही. आपल्या लक्षातही न येणारा आवाज किंवा स्पर्श तिला सहन होत नाही, आणि ती फारसं बोलत नसल्याने सांगताही येत नाही. वर्गात ती गणवेश अंगातून काढून टाकायची. शाळेने मनालीला सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे सोय बघा." लिफ्टमध्ये लोक म्हणायचे, आईने लाडावून ठेवलंय. मीही एकदा म्हणाले होते. लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही म्हणणार नाही.

मी मनालीला लछूभाईंकडे नेलं. त्यांनी गणवेश उलटा केला, आतली शिवण स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला घासली आणि ओरडले, "ही शिलाई आहे की करवत?" आठ दिवसांनी त्यांनी तो परत दिला. लेबल गायब, इलॅस्टिकवर जुन्या मलमलीचं अस्तर, सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला. वर मऊ पडावा म्हणून सहा वेळा धुतलेला.

ओवी त्या दिवशी मोठ्या सुट्टीपर्यंत वर्गात बसली. मग बाईंना बाहेर आलेल्या शिवणी दिसल्या. "गणवेश म्हणजे गणवेश," म्हणून तिला घरी पाठवलं.

मनाली रडली. लछूभाई मात्र दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. स्वतःचा सदरा उलटा घालून. खिशांच्या झोळ्या दोन्हीकडे लोंबत होत्या.

"काका, सदरा उलटा घातलाय तुम्ही," शिपाई म्हणाला.

"मालूम आहे. मॅडमना विचार, शाळेचं छप्पर पडलं का?"

असे तीन दिवस. चौथ्या दिवशी मनाली आणि मीही गेलो, तेव्हा मुख्याध्यापिकांनी आम्हा तिघांना आत बोलावलं. लछूभाईंनी खिशातून एक पट्टी काढली. ओवीच्या जुन्या गणवेशाची कॉलर कापून, लेबल आतल्या बाजूला ठेवून शिवलेली. "मॅडम, फक्त मोठ्या सुट्टीपर्यंत मनगटावर बांधा. मग आम्ही जातो."

त्यांनी वैतागून बांधली आणि वह्या तपासायला घेतल्या. थोड्या वेळाने पट्टी फिरवली. मग बांगडीच्या वर सरकवली. घंटा व्हायच्या आत ती टेबलावर पडलेली होती.

"काढलीत?"

"टोचत होती हो!"

"तुम्ही तोंडाने सांगितलंत. ओवीला सांगता येत नाही, तर ती काढून टाकते. मग बदमाश कोण?"

मुख्याध्यापिकांनी वह्या बाजूला सारल्या. मग त्यांनी परवानगी लिहून सही केली. आम्ही उठलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "तिसरीत अजून एक मुलगा आहे. त्याच्या आईला तुमचा पत्ता देऊ का?"

दुसऱ्या दिवशी ओवी शाळा सुटेपर्यंत बसली. मी तशीच पेढे घेऊन दुकानात गेले. लछूभाई मशीनवर नव्हते. मागचा पडदा सरकवून त्यांनी मला आत बोलावलं. खाटेवर साठीचा एक माणूस पुढेमागे डोलत बसला होता, अंगात मऊ मलमलीचा सैल सदरा.

"माझा छोटा भाई, गोपी. बचपनमध्ये कपडे फाडायचा, बाप मारायचा. मला वाटलं, याचा मार वाचवू. तर मी याच्या शर्टाची बटणं पाठीवर लावली, हात पोचू नये म्हणून. दोन साल, ताई. तो रडायचा, आणि मी खूश, की शिलाई पक्की झाली."

मी पेढा पुढे केला. त्यांनी तो मोडला, अर्धा गोपीच्या तळहातावर ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकले. "लडकी बैठी, गोपी. पूरा दिन बैठी."

गोपी डोलतच राहिला. लछूभाईंनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश.