बटणं खालीच हवीत

काकांनी आयुष्यात कुठलंच काम लहान समजून केलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी नाटकांना प्रकाश दिला. त्यांच्यामुळे कोणते नट उजळले आणि कोणते वेळीच अंधारात बुडाले, हे ते आजही तोंडपाठ सांगतात. त्यामुळे घराच्या पोटमाळ्याची खोली झाली आणि तिथे प्लग लावायला एकच जागा आहे असं लक्षात आलं, तेव्हा इलेक्ट्रिशियनचा विषय निघण्याआधीच काकांच्या खिशात टेस्टर होता.

"दोन दिवसांत नऊ सॉकेट देतो," ते म्हणाले. "आणि अशी देतो, की बघत राहाल!"

खोली पुतणीसाठी होती. वय सव्वीस, घरात नाव चिमी. सध्याच्या नोकरीसाठी ती रोज दोन बस बदलून जायची आणि दोन बस बदलून अर्धमेली परत यायची. आता एका कंपनीत घरबसल्या करायचं काम निघालं होतं. शेवटची मुलाखत शुक्रवारी सकाळी अकराला, कॉम्प्युटरवरूनच. ही नोकरी मिळाली की बसचं तोंड बघायला नको! आठवडाभर ती जिनासुद्धा उत्तरं पुटपुटत चढत होती.

काकांनी शब्द पाळला. दोन दिवस ड्रिल घरघरलं, घरभर धूळ झाली आणि गुरुवारी संध्याकाळी नऊ पांढरीशुभ्र सॉकेट भिंतीवर झळकली. चिमी हरखली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, यांची बटणं कुठायत?"

"खाली. जिन्याशी."

"खाली का?"

"नट स्वतःचे दिवे स्वतः लावत नाही, बाळा. त्याने आपलं काम करायचं. बटणं खालीच हवीत."

जिन्याच्या पायथ्याशी खरोखरच नऊ बटणांचा बोर्ड होता. कुठलं बटण कशाचं, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. ते काकांच्या डोक्यात होतं. चिमीने कपाळावर हात मारून घेतला, पण मुलाखत दुसऱ्या दिवसावर आली होती आणि काकांचा चेहरा इतका फुलला होता, की तिला पुढे बोलवेना.

शुक्रवारी बरोबर अकराला मुलाखत सुरू झाली. अकरा वाजून चार मिनिटांनी वहिनी, म्हणजे चिमीची आई, जिन्याजवळून गेल्या. वहिनींना चालू बटण बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्या तरी निघताना त्या दोन-तीन बटणं बंद करूनच येतात. इथे तर एका ओळीत चार! त्यांनी हातासरशी चारही बंद केली आणि समाधानाने स्वयंपाकघरात गेल्या.

वर कॉम्प्युटर, इंटरनेटचा डबा, पंखा आणि दिवा एकदमच गेले. चिमी 'माझा सगळ्यात मोठा गुण म्हणजे' इथपर्यंत आली होती. काकांनी धावत येऊन बटणं लावली आणि वहिनींना चांगलंच सुनावलं. वहिनींनी त्याहून चांगलं सुनावलं. कॉम्प्युटर जागा व्हायला सहा मिनिटं लागली. तोवर कंपनीचे लोक थांबले, हे चिमीचं नशीब.

आता काका खुर्ची घेऊन बोर्डासमोरच बसले. चिमीने जिन्यातून वाकून घाईघाईने खुणा ठरवल्या. पाय एकदा आपटला की पंखा, दोनदा आपटला की दिवा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. काकांच्या अंगावर काटा आला. नाटकं सुटल्यावर सात वर्षांनी कुणीतरी त्यांना खूण देणार होतं! त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या.

थोड्या वेळाने एक पाय वाजला. पंख्याची घरघर तिला नको झाली असावी. काकांनी पंखा घालवला. मग दोन पाय वाजले. काकांनी झोकात बटण दाबलं आणि वर व्हॅक्यूम क्लीनर गर्जू लागला. एवढी सॉकेट रिकामी कशाला ठेवायची, म्हणून वहिनींनी सकाळीच तो तिथे लावून ठेवला होता. दिव्याचं बटण सहावं की सातवं, यात काकांची जराशी गफलत झाली होती. वर चिमी आता नुसती नाचत होती. खूण म्हणून जेवढे पाय वाजले, तेवढी बटणं, कॉम्प्युटरचं आणि इंटरनेटचं सोडून, काकांनी इमानाने दाबली. सगळं शांत झाल्यावर चिमी वर कुणाला तरी सांगताना ऐकू आली, की वरच्या मजल्यावर काम चाललंय. पोटमाळ्याच्या वर फक्त छप्पर होतं.

पुढे मात्र मुलाखत रंगली. चिमीच्या कानाला हेडफोन असल्यामुळे काकांना तिचंच बोलणं ऐकू येत होतं. तिला बहुधा विचारलं असावं, की तुम्हाला हीच नोकरी का हवी. पाठ केलेलं सगळं सोडून ती सरळ बोलली.

"मला कामाचा कंटाळा कधीच येत नाही," ती म्हणाली. "प्रवासात जीव जातो. तो वेळ मला परत मिळाला, तर मी काय करू शकते, हे मलासुद्धा बघायचंय."

वर शांतता पसरली. एक क्षण, दोन क्षण. ही शांतता काकांच्या ओळखीची होती. प्रवेशाचं शेवटचं वाक्य पडलेलं असतं, सगळं थिएटर श्वास रोखून असतं, आणि इथे जरा ताणलं तर सगळी रया जाते. त्यांचे दोन्ही हात आपसूक उठले आणि त्यांनी सगळी बटणं एकदम बंद केली.

चिमी जिना उतरून आली.

"मी बटणांना हातही लावलेला नाही," वहिनी दारातूनच म्हणाल्या.

"काका," चिमी म्हणाली, "मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, 'तर आमचा निर्णय असा आहे की', आणि..."

"अशा वाक्यावर अंधारच करायचा असतो," काका म्हणाले. पण आपण काय करून बसलो, ते त्यांना आत्ता कळत होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने "हो" म्हटलं, मग बराच वेळ नुसतंच ऐकलं, मग आभार मानले. फोन ठेवून ती पायरीवर बसली.

"घेतलं त्यांनी मला."

काकांनी टाळीच वाजवली! वहिनींनी चिमीला जवळ घेतलं.

"पण घरून काम नको म्हणाल्या. तुमच्याकडची वीज भरवशाची दिसत नाही, तेव्हा रोज ऑफिसातच या."

"लांब आहे का गं?" वहिनींनी विचारलं.

"तीन बस," चिमी म्हणाली.