नरम चेंडूचं गिऱ्हाईक

गुलाबकाका माणसाला पहिल्यांदा भेटले की त्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत, मनगटाकडे पाहतात. नुसतं पाहून समाधान झालं नाही तर सरळ हात धरतात, मनगट दोनदा गोल फिरवतात, खांद्यावर एक थाप मारतात आणि आकडा सांगतात. आमच्या धनजला नवे तलाठी रुजू झाले त्या दिवशी काकांनी चावडीसमोर त्यांचा असाच हात धरला. तलाठ्यांना वाटलं, गावचे वैद्य असावेत. त्यांनी भाबडेपणानं दुसराही हात पुढे केला.

"साठ," काका म्हणाले. "लय झालं तं पासष्ट."

तलाठी घाबरले. "इतकं कमी? परवा तपासलं तेव्हा वरचं एकशे चाळीस होतं."

"थे बीपी असन साहेब. मी तुमचा मार सांगून राह्यलो. तुमी नरम चेंडूचे मानूस. कडक चेंडूच्या नादी लागू नका."

तलाठ्यांनी जन्मात गोल्फचा चेंडू पाहिला नव्हता. तरी त्यांनी मान हलवून कबूल केलं. काकांच्या बोलण्यात तसा एक अधिकार आहे.

धनजला सोयाबीन होतं, कापूस होतो, तूर आणि हरभरा होतो. गोल्फ होत नाही. तो आला गुलाबकाकांबरोबर, खताच्या दोन बोऱ्यांत भरून. काका विशीत पुण्याला बांधकामावर मजुरीला गेले आणि तिथून एका मोठ्या गोल्फच्या मैदानावर साहेब लोकांच्या काठ्यांची झोळी खांद्यावर वाहायच्या कामाला लागले. चाळीस वर्षं तेच केलं. सहा वर्षांपूर्वी परत आले तेव्हा त्यांच्याजवळ सात नंबरची एक जुनी काठी होती, आणि मैदानावरच्या तळ्यांतून, झुडपांतून वेचलेले, कोणीच परत न मागितलेले सातशे चेंडू. ते आता त्यांच्या ओसरीवर तेलाच्या पिप्यांत नरम, मध्यम, कडक असे वेगळे करून ठेवलेले आहेत. खिडकीत पाच-सहा चेंडू मधोमध कापून मांडलेत. कापलेला कांदा दिसावा तसे दिसतात. कोणाला दोन पापुद्रे, कोणाला तीन, एकाला चार.

मी काकांपासून तीन घरं सोडून राहतो आणि कारंज्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे त्यांना माझ्याविषयी विशेष आशा असावी. पहिल्याच भेटीत त्यांनी मला ओसरीवर बसवून तासभर शिकवलं.

"काय हाये सर, हा चेंडू दगडावानी दिसते, पन दगड नोय. काठी लागली का थो आंधी चपटा होते, मंग फुगते, तवा कुठं उडते. आता मानसाचा मार कमी आन चेंडू कडक, तं थो दबनच कसा? आन दबला नाई तं उडन कसा? लोकं टीव्हीवर पायतात, मोठा खेळाडू कोनता चेंडू मारते, आन थोच घेतात. अरे बाप्पा, त्याचा मार एकशे पंधरा, तुवा सत्तर!"

मार म्हणजे काठीचं डोकं चेंडूवर आदळतं तेव्हाचा वेग, ताशी मैलांत. हौशी माणसानं आधी आपला मार ओळखावा आणि मग चेंडू निवडावा, एवढंच काकांचं म्हणणं. पण हे एवढंच त्यांना सगळीकडे दिसतं. गावातला सुदाम लाकूड फोडत असला की काका थांबून ऐकतात. "नव्वद. या गड्याले मध्यम चेंडू पायजे." मागच्या वर्षी बांधावरून दोन भावांची जुंपली. थोरल्यानं धाकट्यावर काठी उगारली, बायका ओरडायला लागल्या, आणि गर्दीतून काकांचा आवाज आला, "ऐंशी! पन खांदा उघडला नाई!" दोघंही भाऊ थबकले. थोरल्यानं काठी खाली घेऊन विचारलं, "म्हंजे कसा?" काकांनी पुढे होऊन त्याचा खांदा धरून दाखवला. तोवर भांडणातला जीव गेला होता.

आकडा मात्र ते कुठून काढतात, हे मला कळत नव्हतं. एकदा विचारलं.

"पुन्यात सरावाच्या जागी मार मोजाची मशीन होती," काका म्हणाले. "साहेबानं काठी फिरवली का मी मनातल्या मनात आकडा धरो, मंग मशीनकडं पाहो. पयले लय चुके. मंग चुकनं कमी झालं. मंग मशीन बिघडली तं साहेब मलेच इचारे."

मी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं म्हणणार नाही. यंत्राशिवाय, नुसत्या कानानं वेग सांगणारा माणूस मान्य करायचा तर मी इतकी वर्षं मुलांना काय शिकवतो, असा प्रश्न होता.

त्याचा निकाल गेल्या दिवाळीत लागला. गावात कृषी केंद्र चालवणाऱ्या वसंतरावांचे जावई निखिलराव पुण्याला एका कंपनीत मॅनेजर आहेत. ते सणाला आले ते गाडीत गोल्फच्या काठ्यांचा सगळा संच घेऊनच. सासऱ्यांनी कौतुकानं अर्धं गाव गावाबाहेरच्या ई-क्लासवर नेलं. ई-क्लास म्हणजे गुरं चरायची सरकारी जमीन. एका बाजूला तुरीचं शेत, समोर लांबवर बाभळी, मध्ये शेळ्या. निखिलरावांनी चेंडूंचा कोरा डबा फोडला.

काकांनी एक चेंडू मागून घेतला. अंगठ्यानं दाबला. सपाट दगडावर टाकून त्याचा आवाज ऐकला. मग नव्या लुगड्याचा पोत पाहावा तसा त्यावरून हात फिरवला.

"लय उंची चेंडू हाये. एकशे दहाच्या मानसाचा."

"हाच वापरतो मी," निखिलराव म्हणाले.

"मारा बरं एक."

निखिलरावांनी लांब काठी घेतली, पाय रोवले आणि जोरात फिरवली. चेंडू छान उडाला, मग उजवीकडे वळला, आणखी वळला आणि तुरीत गेला.

"पंच्याऐंशी," काका म्हणाले.

"नाही हो काका. शंभर तरी असेल. आमच्या क्लबातले सगळे म्हणतात."

"क्लबातले मानसं चांगले असतीन."

वसंतरावांचा चेहरा पडला. जावयाचा पाणउतारा दिवाळीत होत होता आणि तोही भर गावात. "गुलाब, तुले काय समजते बे?" असं ते म्हणालेच. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी चेंडूच्या मागंपुढं मीटरभर अंतरावर दोन तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, रोवल्या, मोबाइलवर अगदी संथ चालणारं चित्रण लावलं आणि निखिलरावांना पाच वेळा मारायला लावलं. पाचही चेंडू तुरीकडे गेले. मग मी बांधावर बसून चित्रं एक-एक करून मोजली, वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं, सरासरी काढली, मैलांत बदलली. खोडून पुन्हा काढली. गाव माझ्याभोवती उभं होतं.

"त्र्याऐंशी," मी म्हणालो.

काकांनी थोडा विचार केला. "शेवटच्या दोन डावांत जावईबापू थकले होते. म्हनून."

मी चित्रण पुन्हा पाहिलं. पहिल्या तीन डावांची सरासरी वेगळी काढली. पंच्याऐंशीच्या खाली ती केसभर होती. माझ्यासमोर मळकं धोतर नेसलेला, चौथी शिकलेला माणूस उभा होता, आणि मी हातात पेन्सिल घेऊन त्याचाच आकडा तपासून त्यालाच सांगत होतो.

काकांनी खिशातून एक जुना, ओरखडे पडलेला चेंडू काढला. "हा दोन पापुद्र्यांचा. नरम. घुमते कमी, म्हनून वाकते कमी. आता जोर लावू नका, नुसती काठी फिरवा."

तो चेंडू निघाला तो सरळ निघाला. थोडासाच उजवीकडे कलला आणि आधीच्या सगळ्यांपेक्षा पंधरा-वीस पावलं पुढं, बाभळीच्या सावलीत पडला. शेळ्यांनीही माना वळवल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे काकांकडे पाहत होते, आणि इतकी वर्षं ज्याला सगळे 'चेंडूवाला म्हातारा' म्हणून हसत होते तो पायातला काटा काढत होता.

निखिलराव मोठ्या मनाचे निघाले. ते खळखळून हसले, खाली वाकून काकांच्या पाया पडले आणि म्हणाले, "काका, पुण्याहून तुमच्यासाठी काय पाठवू? काहीही सांगा."

काकांनी कोणाजवळ काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. जणू उत्तर तयार ठेवलं होतं.

"सगळ्यात नरम चेंडू पाठवा. बाजारात त्याहून नरम नसन, असा. तीसच्या मारानं मारला तरी चालन, असा."

"तीस?" निखिलराव चकित झाले. "तीसनं कोण मारतं काका?"

"हाये एक गिऱ्हाईक," काका म्हणाले आणि शेळ्यांच्या मधून चेंडू वेचायला निघून गेले.

पार्सल माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर आलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी ते घेऊन काकांकडे गेलो. ओसरीवर कोणी नव्हतं. मागच्या अंगणातून बोलण्याचा आवाज येत होता म्हणून मी तसाच आत गेलो.

अंगणात काकांच्या पत्नी बेबीकाकू उभ्या होत्या. काकूंना दिवाळीआधीच्या होळीच्या सुमारास लकवा मारला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. उजवा हात आणि पाय गेला होता. वाचा राहिली होती. तेव्हापासून त्या दारात दिसल्या नव्हत्या. कोणी भेटायला गेलं तर भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. चाळीस वर्षं एकटीनं तीन एकर शेती केलेली, दोन मुलींची लग्नं लावलेली बाई. तिला कोणी कीव केलेली चालत नव्हती. आता त्या भिंतीला खेटून उभ्या होत्या. कापून आखूड केलेली काकांची सात नंबरची काठी त्यांच्या हातात होती. उजव्या हाताची बोटं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं काठीला बांधलेली होती, डावा हात वरून धरलेला. काका पाठीमागं त्यांची कंबर सावरून उभे होते.

मला पाहून काकूंनी पदर ओढला. "यायले काहून बोलावलं?"

"सर हायेत. चेंडू घिऊन आले."

काकांनी मला हळू आवाजात सांगितलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही हात एकत्र हलवायला सांगितले होते. रबरी चेंडू फेक, काठी वर-खाली कर, असं. काकूंनी रबरी चेंडू पहिल्या दिवशीच नालीत टाकला होता. लेकरांचं खेळणं मले कायले, म्हणाल्या. मारीन तं खराच मारीन. पण पिप्यातला कुठलाही चेंडू मारला की हिसका बसे, उजव्या हातात झिणझिणती कळ उठे आणि त्या रडायला लागत. काकांनी सातशे चेंडू एकेक करून लावून पाहिले होते. सात महिने.

"सर, पुन्यातल्या हरेक साहेबाचं मनगट मले पाठ होतं," काका म्हणाले. "हिचा हात मी सालात पंधरा दिवस पाहो. दिवाईले आन पेरनीले. हिचा मार किती, हे मले आता या वयात शिका लागून राह्यलं."

"बोलत काय बसले?" काकू म्हणाल्या. "ठिवा ना चेंडू."

मी पार्सल फोडलं. फिक्या गुलाबी रंगाचे चेंडू होते. काकांनी एक उचलला, अंगठ्यानं दाबला. दगडावर टाकून पाहिला नाही, आवाज ऐकला नाही. तसाच काकूंच्या पायाशी मातीत ठेवला आणि पुन्हा त्यांच्या कमरेला हात देऊन उभे राहिले.

काकूंनी काठी मागं नेली. फार नाही, वीतभर. ओठ दाबून धरले आणि फिरवली. टप् असा आवाज आला. चेंडू अंगण ओलांडून गोठ्याच्या पत्र्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

आम्ही दोघंही चेंडूकडे न पाहता काकूंच्या तोंडाकडे पाहत होतो. त्या काही क्षण डोळे मिटून उभ्या होत्या, कळ यायची वाट पाहत असल्यासारख्या.

"झिनझिनला?" काकांनी विचारलं.

काकूंनी डोळे उघडले. बांधलेल्या बोटांकडे पाहिलं.

"नाई," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "नाई झिनझिनला."

काका मातीत खाली बसले. डब्यातला दुसरा चेंडू काढायला त्यांनी हात घातला, पण तो तीनदा निसटला. मी पुढं होणार होतो. काकूंनी मानेनंच मला थांबवलं.

"असू द्या, सर," त्या म्हणाल्या. "त्यायलेच ठिवू द्या. मले काई घाई नाई."